भलत्या जागी ठेवलेली कासंडी

"मुरुमच्या पोरीचा जुगाड" असं तो पुण्याचा माणूस भर मीटिंगमध्ये म्हणाला आणि आमचे साहेब मूग गिळून बसले, तवाच माझं डोकं फिरलं. आता सगळं नीट सांगते. पण मधी मधी आवाज चढला तर चढू द्या, त्याला माझा इलाज न्हाय.

मी अयोध्या, सास्तूरची. बालाघाट महिला दूध संघाच्या धाराशिवच्या हापिसात कम्प्युटरवर बसते. शिक्षण दहावीवर थांबलं. आधी गावातल्या दूध केंद्राची सचिव होते, मग संघानं इथं बोलावलं. पण हे माझं न्हाय, शिवप्रियाचं सांगायचंय.

शिवप्रिया मुरुमची. वडील वीरप्पा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतेत. घरात कानडी, दुकानात मराठी. लहानपणी पोरी भातुकली खेळायच्या तवा ही बापाच्या दुकानात जळक्या मोटारी खोलून बसायची. धाराशिवला पॉलिटेक्निक केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस बॅग घेऊन परत आली. कामावरनं काढलं का, लग्नाचं कुठं फिस्कटलं का, लोकांनी विचारून विचारून बेजार केलं. ती म्हणाली, "पुण्यात माझ्यासारख्या हजार हायत. इथं एक बी न्हाय." संपला विषय.

वीरप्पाआप्पा तिला कानडीत म्हणायचे, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. आणि ती म्हणायची, "ना बिडंगिल्ला." म्हणजे मी सोडणार न्हाय. मला कानडी तेवढंच येतंय, पण शिवप्रिया कळायला तेवढं बास हाय.

आमच्या संघाची एकसष्ट केंद्रं, बहुतेक लहान गावांत. दुधाचा फॅट तपासायच्या मशिनी चार जातीच्या, सगळ्या जुन्या, आणि त्या बनवणाऱ्या कंपन्यांनी कवाच दुकान बंद केलेलं. मशीन आकडा दाखवायची, पण सांगायचा तो खुर्चीवरचा माणूस. बायांचा विश्वास बसायचा न्हाय. रोज सकाळी कॅन आपटायचे, रोज तकरार. म्या त्या खुर्चीवर सहा वर्षं काढली. खरा आकडा सांगूनसुदिक शिव्या खाल्ल्या.

शिवप्रिया चार वर्षांमागं आमच्याकडं करारावर लागली आणि पहिल्यांदा आली ती सास्तूरलाच. हातात एक वायर. मशीनच्या पाठीमागं एक खोबण असती, त्यात वायर घातली आणि लॅपटॉपवर बघत बसली, मशीन आतनं काय बोलती ते. चार महिने! दुधाला कडूबाईचा तांब्या. कडूबाई म्हणजे आमच्या गल्लीतली म्हातारी. दोन म्हशी, कंबर वाकलेली, जीभ मात्र सरळ. ती एक दिवस भडकली.

"अगं ए मुरुमकर, माझं दूध हाय का चोर हाय? किती बार झडती घेतीस?"

"आजी, अजून एकदा. मशीन काय म्हणती ते मला कळायलंय."

"मशीनचं कळायलंय तुला. माझ्या गुडघ्याचं काय म्हणणं हाय ते बी ऐक की जरा," म्हातारी म्हणाली, पण तांब्या पुढं केलाच.

चार महिन्यांनी शिवप्रियानं दोन वस्तू बनवल्या. एक प्रोग्राम, त्याचं नाव धार. तो धाराशिवच्या हापिसातल्या लिनक्सच्या कम्प्युटरवर चालायचा. केंद्रावरच्या मशीननं काय म्हणलं ते तारेतनं इथं यायचं आणि आकडा थेट बाईच्या मोबाइलवर जायचा. मधी खुर्चीवरचा माणूसच न्हाय. पण धारेला त्या चार मशिनींची बोली कुठं कळती? ती बोली कळणारी दुसरी वस्तू, तिचं नाव कासंडी, धार काढायच्या भांड्यावरनं. हिला म्हणायचं लायब्ररी. पुस्तकांची न्हाय बरं का, म्या बी आधी कपाटच हुडकलं होतं. लायब्ररी म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडनं मागून घ्यायचं तयार काम. धार चालू झाली की आधी कासंडीला हुडकती. घावली तर काम सुरू. न घावली तर धार जागच्या जागी बंद पडती, एक अक्षर पुढं जात न्हाय.

चार वर्षं चाललं. केंद्रावरची भांडणं गेली. कडूबाई शेजारणीला मोबाइल दाखवून म्हणायची, "वाच, किती आलाय." तिला स्वतःला वाचता येत न्हाय, पण ऐकायला आवडायचं.

मग यंदा संघानं नवीन सर्व्हर घेतला. जुना कम्प्युटर लई गरम व्हायचा, घेतला ते चांगलंच केलं. काम दिलं पुण्याच्या एका कंपनीला, आणि त्या कंपनीचा इंद्रजित नावाचा इंजिनीअर. सगळं जुन्यावरनं उचलून नव्यावर ठेवायचं, असं ठरलं. दिवस त्यानं निवडला, आणि कोणता निवडावा? येळवस!

आता पुण्याच्या माणसाला येळवस काय म्हाईत. त्याच्या कॅलेंडरात लाल खूण न्हाय. पण आमच्या जिल्ह्यात येळ अमावस्येला गावात चिटपाखरू ऱ्हात न्हाय. सगळं खटलं शेतात. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. हापिसाला कुलूप, एसटी रिकामी. त्यानं पुण्यातनं आमच्या मॅनेजर उमाशंकर साहेबांना फोन केला तवा साहेब कोपीपुढं पत्रावळीवर बसलेले. तोंडात घास. म्हणाले, "करा की, करा."

त्यानं केलं. धार उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली. कासंडी वेगळ्या जागी होती, ती त्याला दिसलीच न्हाय. आणि जुना कम्प्युटर पुसून साफ! विचारायचं म्हणलं तर हापिसात कोण होतं? शिवप्रिया मुरुमच्या रानात, मी सास्तूरच्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी सात वाजता कडूबाईचा फोन.

"अयोध्ये, मोबाइलवर आकड्याच्या जागी नुसता रिकामा डब्बा आलाय. माझ्या दुधात काहीच न्हाय म्हणती का काय ती? पाणी हाय तरी म्हण म्हणावं!"

एकसष्ट केंद्रांवर तीच गत. अकराला मीटिंग लागली आणि तो इंद्रजित स्वतः गाडी घेऊन आला. चाळिशीचा, इस्तरीचा शर्ट. मी वही घेऊन बसले होते, तर मला म्हणतोय कसा, "मावशी, चार चहा सांगा ना." मावशी! माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असंल. अंगाची लाही लाही झाली, पण म्या चहा सांगितला. चहाचा राग धरून चालत न्हाय, चहा मलाबी प्यायचा होता.

चहा पिऊन तो बोलायला लागला. "सर, प्रॉब्लेम सर्व्हरचा नाही. ही जी कासंडी की काय आहे, ती घरगुती आहे. कुठल्या कंपनीची नाही, कागदपत्रं नाहीत. मुरुमच्या पोरीचा जुगाड. आम्ही त्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. माझं म्हणणं, जुन्या मशिनींची केंद्रं बंद करा. चार मोठी केंद्रं ठेवा, तिथं नव्या मशिनी बसवा, आमचं तयार सॉफ्टवेअर आहे."

चार केंद्रं! म्हणजे सास्तूरच्या बायांनी लोहाऱ्याला जायचं. ज्यांच्या घरी मोटारसायकल आणि ती चालवणारा गडी हाय त्या जातील. कडूबाई कंबर धरून कॅन घेऊन कशी जाईल? ती म्हशी इकंल. एकसष्ट गावांत असल्या किती कडूबाया हायत ते मला म्हाईत हाय, म्या त्यांच्या शिव्या खाल्ल्यात.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब टेबलाकडं बघायले. येळवशीला "करा की" म्हणलं होतं ना तोंडानं!

शिवप्रिया शांत होती. ती म्हणाली, "कासंडी माझ्या लॅपटॉपवर हाय, गेलेली न्हाय. मला सोमवारपर्यंत द्या. सोमवारी सकाळचं दूध एकसष्टी केंद्रांवर नीट मोजलं गेलं तर केंद्रं ऱ्हातील. न्हाय मोजलं तर करा केंद्रं बंद करायच्या कागदावर सही."

साहेबांना तेवढाच सुटकेचा श्वास. "सोमवारी अकरा वाजता," म्हणाले.

"पण एक," इंद्रजित म्हणाला, "सर्व्हरच्या सिस्टीममध्ये हात घालायचा नाही. तुमच्या नावाचा एक फोल्डर देतो, त्यात काय करायचं ते करा."

बाहेर आल्यावर म्या शिव्यांचा पट्टा सोडला. सर्व्हरवर सगळ्यांच्या लायब्ऱ्या ठेवायचं एक सामाईक कपाट असतंय, प्रोग्राम आधी तिथंच बघतो. त्याची किल्ली ह्यांच्याकडं, आणि म्हणे काम करून दाखव. शिवप्रिया म्हणाली, "अक्का, किल्ली दिली न्हाय ते बरोबरच हाय त्याचं. सामाईक कपाटात कुणीबी येऊन कायबी कोंबायला लागलं तर दुसऱ्याचं बिघडतंय." मला तिचा बी राग आला. शत्रूची बाजू घेती का काय ही!

दुपारी तिनं कासंडी नव्या सर्व्हरवर आपल्या फोल्डरात ठेवली. धार चालू केली. धार बंद. परत केली, परत बंद. अर्धा तास बघत बसली आणि एकदम कपाळावर हात मारला.

"अक्का, चूक माझी हाय."

"तुझी कशी?"

"चार वर्षांमागं म्या धारेच्या पोटातच लिवून ठेवलंय, की कासंडी जुन्या कम्प्युटरवर माझ्या फोल्डरात हाय, तिथंच बघ. तो कम्प्युटर गेला, तो फोल्डर गेला. ही बया अजून त्याच पत्त्यावर जायली."

मला हसूच आलं. भूकंपानंतर आमचं गाव नवीन जागी बसलं तवा माझी आजी वर्षभर जुन्या वाड्याकडंच निघायची. तसंच हे. पण शिवप्रिया हसली न्हाय. चूक स्वतःची निघाली की तिचा जीव जातोय.

मग तिनं वाट सांगितली. म्हणजे तिच्या खुर्चीवरनं सर्व्हरला हुकूम दिला, आज कासंडी इथं हाय, इथं बघ. धार चालू झाली! संध्याकाळच्या दुधाला सगळे आकडे बरोबर. कडूबाईचा सहा पॉइंट सात. साहेबांनी पेढे आणायची गोष्ट काढली. इंद्रजित लॉजवर गेला.

रविवारी सकाळी परत डब्बे. एकसष्टी केंद्रांवर.

झालं काय, तर कंपनीच्या नियमानं रविवारी पहाटे सर्व्हर आपोआप बंद होऊन आपोआप चालू होतोय. धार बी आपोआप चालू व्हायला गेली, पण वाट सांगायला खुर्चीवर शिवप्रिया कुठं होती? तिनं सांगितलेली वाट तिच्या तोंडापुरती होती. ती उठली, वाट गेली.

इंद्रजितनं तिला फोन केला. तिनं स्पीकरवर ठेवला म्हणून म्या ऐकलं. आवाजात आता साखर. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही हुशार आहात, त्यात वाद नाही. ह्या जुन्या डब्यांत कशाला आयुष्य घालवता? आमच्या कंपनीत या. पुण्यात. उद्या मी सरांकडून सही घेतो, परवा तुम्ही इंटरव्ह्यूला या."

शिवप्रिया म्हणाली, "ना बिडंगिल्ला."

"काय?"

"कानडी हाय. तुमच्याकडं कागदपत्रं नसतील त्याची," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं उठून तिची दृष्ट काढावी.

पण फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरला. तिनं डोकं टेबलावर टेकलं. दुपारचा एक वाजला होता, सोमवार सकाळला सतरा-अठरा तास. म्या डबा उघडला. शेतातली भज्जी तिसऱ्या दिवशी जास्त चांगली लागती, आणि बाटलीत आंबील होती. म्हणलं, "आधी खा."

खाता खाता म्या विचारलं, कारण मला खरंच कळत नव्हतं. "मला एक सांग. ह्या धारेला पत्ता कशाला लागतोय? येळवशीला आपण शेतात जाताना आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊनच जातो ना? कोपीत बसलं की हात लांबवला, बिंदगं शेजारी. शेत कुणाचं बी असू दे. तसं ह्या कासंडीला धारेच्या शेजारी ठेवून, शेजारी बघ, एवढंच सांगता येत न्हाय का?"

शिवप्रियाचा घास हातातच ऱ्हायला.

"येतं की अक्का."

"येतं?"

"येतं. तू जिथं असशील तिथनं शेजारच्या फोल्डरात बघ, असं धारेच्या पोटात लिवता येतं. जागेचं नावच लिवायचं न्हाय. किल्ली लागत न्हाय, हुकूम लागत न्हाय. सगळं एका फोल्डरात, फोल्डर कुठंबी न्या."

"मग बया, चार वर्षं काय करत होतीस?" मी ओरडलेच. "आणि काल दिवसभर?"

"सर्व्हरनं आपल्याला जागा द्यावी ह्याच्याच नादात होते," ती म्हणाली. हात धुवायला बी गेली न्हाय, भज्जीच्या हातानं लॅपटॉप उघडायला लागली. म्या हात पकडून नळावर नेलं.

तासाभरात तिनं धार नव्यानं बांधली. नवा फोल्डर, त्यात धार, तिच्या शेजारी एक लहान फोल्डर, त्यात कासंडी. चालू केली. बंद! पण ह्या खेपेला शिवप्रिया घाबरली न्हाय. तिनं सर्व्हरला विचारलं, धारेला काय काय लागतंय आणि त्यातलं कोण कोण घावत न्हाय. यादी आली. कासंडी घावली होती. पण कासंडीला स्वतःला एक लहानशी दुसरी लायब्ररी लागत होती, ती नव्या सर्व्हरवर नव्हती.

"बिंदगं आणलं, वाटी ऱ्हायली," म्या म्हणलं.

"अगदी," ती म्हणाली. ती लहान लायब्ररी बी आणून शेजारी ठेवली, आणि कासंडीलाबी तेच सांगितलं, शेजारी बघ. धार चालू झाली. मग तिनं कंपनीला सांगून सर्व्हर बंद करायला लावला आणि परत चालू. खुर्चीवरनं उठून दारात जाऊन उभी ऱ्हायली. कुणाचा हात लागला न्हाय, हुकूम न्हाय. धार आपली आपण चालू झाली.

मला वाटलं आता घरी जायचं. तर ती म्हणती, "अक्का, वही काढा. हे सगळं तुमच्या शब्दांत लिवा."

"माझ्या का?"

"तुमाला कळलं तर कुणालाबी कळतंय."

असा राग आला! म्हणलं, "म्हणजे मी सगळ्यात ढ का?"

"न्हाय," ती म्हणाली, "तुमी सगळ्यात जास्त भांडता. जिथं कळणार न्हाय तिथं तुमी गप्प बसणार न्हाय." म्या लिवलं. पेन ड्राइव्ह लाव. फोल्डर ठरलेल्या जागी ठेव. कोण घावत न्हाय का ते विचार. सगळे घावले तर चालू कर. कम्प्युटरला द्यायचे इंग्रजी हुकूम तिनं सांगितले, ते एक एक अक्षर सुटं करून लिवले. चार ओळींसाठी दोन पानं लागली. तीनदा भांडले, दोनदा तिनं परत समजावून सांगितलं.

सोमवारी सकाळी साडेसहापासून मी स्क्रीनपुढं. मुरुम आलं, उमरग्याकडची आली, मग सास्तूर. कडूबाई, सहा पॉइंट आठ. आठ वाजेपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट. म्या कडूबाईला फोन लावला आणि म्हणलं, "अर्धा तांब्या दूध बाजूला ठेवा, लागलं तर सांगते." का म्हणलं काय की. त्या माणसाचा भरवसा नव्हता मला, एवढंच.

अकराला मीटिंग. साहेबांच्या पुढं बंद करायच्या केंद्रांचा कागद, पेन झाकण काढून. शिवप्रियानं सकाळचे आकडे ठेवले. मला वाटलं, झालं. तर इंद्रजित म्हणतोय, "आज चाललं, मान्य. पण उद्या मॅडम सोडून गेल्या तर? एका माणसाच्या हातातली वस्तू म्हणजेच जुगाड. आमच्याकडे दुसरा सर्व्हर आहे, आणीबाणीसाठी, पूर्ण कोरा. मॅडमनी हात लावायचा नाही. तुमच्यापैकी दुसऱ्या कुणीही त्यावर हे बसवून दाखवा. जमलं तर मी स्वतः लिहून देतो की केंद्रं चालू ठेवा. नाही जमलं तर सर, सही."

एकानं छताकडं बघितलं, एकानं मोबाइल काढला. साहेब म्हणाले, "आता दुसरं कोण..."

"मी बसवते," म्या म्हणलं.

इंद्रजित हसला. "मावशी, अहो, हा सर्व्हर आहे."

"म्हाईत हाय. चहा न्हाय ते कळतंय मला," म्या म्हणलं आणि वही घेऊन खुर्चीवर बसले.

शिवप्रिया माझ्या पाठीमागं दोन्ही हात मागं बांधून उभी. म्या पेन ड्राइव्ह लावला. वही बघून एक एक अक्षर दाबलं. फोल्डर गेला. आणि इंद्रजित एकदम पुढं वाकला.

"थांबा, थांबा. चुकलं! ठरलेली जागा ही नाही. हा आमचा चाचणीचा फोल्डर आहे, सगळा कचरा आहे ह्यात. भलत्याच जागी टाकलंत तुम्ही." त्याचा आवाज खुशीनं फुटायला आला होता. "सर, बघा. हेच म्हणत होतो मी."

म्या बघितलं. खरंच चुकलं होतं. वहीतली एक ओळ डोळ्यांखालनं निसटली होती. कडूबाईच्या दोन म्हशी डोळ्यांपुढं आल्या, त्यांची दावी सोडणारं बाजारातलं गिऱ्हाईक आलं. माझ्यामुळं! मी मान वर करून शिवप्रियाकडं बघितलं.

तिनं हात सोडले न्हाईत. म्हणाली, "अक्का, पुढची ओळ."

"पण चुकलंय गं."

"पुढची ओळ वाचा."

म्या वाचली. कोण घावत न्हाय का ते विचार. विचारलं. यादी आली. कासंडी, घावली. लहान लायब्ररी, घावली. एकेका ओळीवर बोट ठेवून बघितलं, एकबी हरवलेली न्हाय. मग शेवटची ओळ. चालू कर. म्या दाबलं. धार चालू झाली, त्या कचऱ्याच्या फोल्डरात, भलत्या जागी, कोऱ्या सर्व्हरवर.

शिवप्रियानं इंद्रजितला विचारलं, "सास्तूरची तार तेवढी इकडं वळवता का? मला हात लावायचा न्हाय." त्यानंच वळवली. म्या कडूबाईला फोन केला, म्हणलं, केंद्रावर जाऊन वता ते दूध मशीनमधी. आमी सगळे स्क्रीनकडं बघत बसलो. साहेबांच्या पेनातली शाई सुकली असंल.

सहा पॉइंट आठ.

फोनमधनं कडूबाई वरडायली, "सकाळी बी तेवढंच होतं की! आता काय तासातासाला झडती घेणार हाय का माझी?"

"न्हाय कडूकाकू, झाली तुमची झडती," म्या म्हणलं, आणि मला रडूच फुटलं. कशाला खोटं बोलू, भर मीटिंगमध्ये रडले.

इंद्रजितनं स्क्रीनवरची यादी परत वरनं खाली वाचली. "भलत्या जागी ठेवूनही कसं काय?" म्हणाला. आता त्याच्या आवाजात साखरबी नव्हती आणि हसूबी. खरंच विचारत होता.

"कुठंबी ठेवा," शिवप्रिया म्हणाली. "ती शेजारी बघती. ठरलेल्या जागी ठेवलं असतं तर तुमी म्हणला असता, जागेमुळं चाललं. बरं झालं अक्का चुकल्या."

साहेबांनी तो केंद्रं बंद करायचा कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हातनं काहीतरी धड झालं.

इंद्रजित शब्दाचा पक्का निघाला, तेवढं त्याच्या पदरात घालते. त्यानं केंद्रं चालू ठेवायचं लिवून दिलं, आणि कंपनीचा एक छापील फॉर्म पुढं केला. कोऱ्या सर्व्हरवर काय बसवलं, कवा बसवलं, कुणी बसवलं. शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, "बसवणाऱ्या अभियंत्याचं नाव". शिवप्रियानं फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

साहेब घुटमळत म्हणाले, "अयोध्याबाई, तो अभियंता शब्द तेवढा खोडा आणि मग लिवा. उद्या कुणी विचारलं तर..."

म्या शिवप्रियाकडं बघितलं. तिचे दोन शब्द मला पाठ होते.

"ना बिडंगिल्ला," म्या साहेबांना म्हणलं. आणि रकान्यात ठळक अक्षरात लिवलं, अयोध्या, सास्तूर केंद्र. वरचा शब्द होता तसा ठेवला.